विकेंद्री वजनांचे कंपक

फिरत्या शाफ्टवर मुद्दाम एका अंगाला वजन बसवून कंपन निर्माण करणारे यंत्र. स्लॅब भरताना काँक्रीटमध्ये खुपसायचा नीडल व्हायब्रेटर, खडी क्रशरची थरथरती जाळी, मातीकामावरचा व्हायब्रेटरी रोलर, शीट पाइल (जमिनीत उभे रोवायचे पोलादी पत्रे) उतरवणारा व्हायब्रो हॅमर आणि मोबाइलमधली इवलीशी मोटर ही सगळी एकाच कुळातली. एरवी फिरत्या भागाचा असमतोल हा दोष मानतात आणि बॅलन्सिंग करून तो घालवतात. इथे तोच कामाला जुंपलेला असतो.

शाफ्टवर येणारे अपकेंद्री बल वजन, त्याचे अक्षापासूनचे अंतर आणि वेगाचा वर्ग यांवर ठरते. वेग दुप्पट झाला की बल चौपट. म्हणून वेग वाढवला की यंत्र जास्त हलेल असे वाटते, पण बहुतेक वेळा तसे होत नाही. यंत्राचा हलणारा भाग स्प्रिंगांवर किंवा रबरी बुशांवर टेकलेला असतो आणि आपल्या नैसर्गिक वारंवारितेच्या, म्हणजे धक्का देऊन सोडल्यावर तो ज्या गतीने आपोआप डोलतो तिच्या, बराच वर चालवला जातो. त्या पट्ट्यात आयाम, म्हणजे मधल्या जागेपासून एका बाजूला होणारे सरकणे, वेगाला फारसे जुमानत नाही. वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराला हलणाऱ्या एकूण वस्तुमानाने भागले की तो मिळतो. अक्षापासून ५० मिमीवर ४ किलोचे वजन आणि हलणारा सगळा भाग ५०० किलोचा असेल, तर आयाम ०.४ मिमी. मिनिटाला १,५०० फेऱ्यांना बल सुमारे ५०० किलोच्या भाराइतके येते. ३,००० फेऱ्यांना ते दोन टनांवर जाते, आयाम मात्र ०.४ मिमीच राहतो. वाढीव बल खाणार कोण, तर बेअरिंग आणि वेल्डिंगचे सांधे. आयाम बदलायचा तर हात वजनांनाच घालावा लागतो.

कंपक मोटरीत त्याची सोय साधी असते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना झाकणाखाली अर्धचंद्राच्या आकाराच्या वजनांची एकेक जोडी असते. जोडीतले एक वजन पक्के, दुसरे बोल्ट सैल करून फिरवता येणारे. दोन्ही एकावर एक आली की पूर्ण जोर. त्यांच्यात ६०° चा कोन ठेवला तर ८७ टक्के, ९०° ला ७१, १२०° ला ५० आणि समोरासमोर, म्हणजे १८०° ला, शून्य. पहिल्या ६०° मध्ये जेमतेम १३ टक्के घटतात आणि शेवटच्या ६०° मध्ये पन्नास, त्यामुळे कमी जोराकडचे सेटिंग फार नाजूक असते. बोल्ट जरासा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. दोन्ही टोकांची सेटिंग सारखी हवीत. नाहीतर जाळी पिळवटते, माल एका कडेला धावतो आणि बेअरिंग लवकर जाते. वजने बदलल्यावर मोटरचा अँपिअर नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आत आहे का, हे बघितल्याशिवाय झाकण लावू नये.

रोलरच्या ड्रममध्ये दर वेळी बोल्ट सोडणे कसे जमणार? तिथे शाफ्टवर एक वजन पक्के आणि दुसरे अर्धी फेरी मोकळे ठेवतात. शाफ्ट एका दिशेने फिरला की मोकळे वजन पक्क्याच्या बाजूला जाऊन अडते आणि दोन्हींची बेरीज होते. उलट फिरला की विरुद्ध बाजूला अडते आणि वजाबाकी होते. ऑपरेटरला एका खटक्यात मोठा किंवा लहान आयाम मिळतो. मातीच्या जाड थराला मोठा, डांबराच्या पातळ थराला लहान. पातळ थरावर मोठा लावला तर दबाई होण्याऐवजी खडी फुटते आणि ड्रम उड्या मारू लागतो. मोठ्या आयामाला वारंवारिता सहसा कमी ठेवतात, तीही बेअरिंगच्या काळजीने.

यंत्र चालू असतानाच आयाम बदलण्याची गरज खरी भासली ती पाइलकामात. सोव्हिएत अभियंता बारकान यांचा कंपक १९४९ मध्ये गोर्की जलविद्युत केंद्राच्या बांधकामावर शीट पाइल उतरवायला वापरला गेला आणि ही पद्धत पसरली. गर्दीच्या शहरात मात्र तिची एक खोड नडते. सुरू होताना आणि थांबताना यंत्र खालच्या वारंवारितांतून जाते. जमिनीची आणि शेजारच्या घरांची नैसर्गिक वारंवारिता तिथेच असते. वॉशिंग मशीनचा ड्रम स्पिन संपताना शेवटी जोरात हादरतो, त्याचेही कारण हेच. मोटर दुबळी असेल तर ती अनुनादापाशी, म्हणजे वेग नैसर्गिक वारंवारितेशी जुळतो तिथे, अडकूनच पडते: जास्त वीज द्यावी तर वेग वाढत नाही, हादरे तेवढे वाढतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९०२ मध्ये हे नोंदवले. आजच्या व्हायब्रो हॅमरमध्ये वजनांच्या दोन ओळी असतात. सुरुवातीला त्या एकमेकींचे बल पूर्ण रद्द करतात, आयाम शून्य असतो. पूर्ण वेग आला की एक ओळ दुसरीच्या तुलनेत वळवून आयाम हळूहळू उघडतात आणि बंद करण्याआधी पुन्हा मिटवतात.

एकट्या शाफ्टचे बल गोल फिरते. सरळ रेषेतले कंपन हवे असेल तर दोन शाफ्ट उलटसुलट फिरवतात. आडवी बले एकमेकांना मारतात, उरलेली जुळतात. एकाच चौकटीवरच्या अशा दोन मोटरींना गिअरने जोडावेही लागत नाही, त्या आपोआप ताल धरतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ ब्लेखमान यांनी याचा सिद्धांत मांडला. चालत्या यंत्रातल्या एका मोटरची वीज तुटली तरी ती दुसरीच्या कंपनावर फिरत राहते, इतकी ही पकड घट्ट असू शकते.

भूकंप अभियांत्रिकीत इमारती हलवून पाहायलाही हेच तत्त्व वापरतात. कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथील कॅलटेक संस्थेच्या नऊमजली मिलिकन लायब्ररीच्या (आताचे कॅलटेक हॉल) छतावर उलटसुलट फिरणाऱ्या दोन बादल्यांचा कंपक बसवलेला आहे. बादल्यांत शिशाची वजने भरतात. मंद वेगाला बल फार कमी पडते म्हणून बादल्या भरतात, वेग वाढवायचा असेल तेव्हा त्या रिकाम्या करतात. नाहीतर वेगाच्या वर्गाने वाढणारे बल यंत्राला झेपणार नाही.

मोबाइलच्या मोटरीत वजन बदलायला जागाच नाही. तिथे वेगच बदलतो, त्यामुळे जोर आणि गुणगुण दोन्ही एकदम बदलतात. सोनीच्या १९९७ च्या ड्युअलशॉक गेम कंट्रोलरमध्ये यावर सरळ तोड काढली होती: एका मुठीत मोठ्या वजनाची मोटर, दुसऱ्या मुठीत लहान वजनाची.