लेझरचे आरसे काढायची जुनी खटपट

चिपवरचा सेमीकंडक्टर अॅम्प्लिफायर, म्हणजे फायबरमधून आलेला मंद प्रकाश वाढवणारा तुकडा, किती डीबी गेन (प्रकाशाची वाढ, 10 डीबी म्हणजे दहापट, 20 म्हणजे शंभरपट) देतो आणि तापला की किती ढेपाळतो, यावर आज बरीच चर्चा असते, पण तो असा का वागतो हे कळायला मागे जावंच लागतं.

1962 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट हॉल आणि मंडळींनी गॅलियम आर्सेनाइड या सेमीकंडक्टरचा लेझर चालवला, तोही लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड करून, करंटचे बारीक झटके देऊन. रूम टेम्परेचरला सलग चालायला 1970 उजाडलं, लेनिनग्राडला अल्फेरोव्ह आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी-पॅनिश.

आता हाच लेझर अॅम्प्लिफायर म्हणून वापरायचा तर घोळ आरशांचा. क्रिस्टल तोडला की त्या गुळगुळीत कडेवरून साधारण 30 टक्के प्रकाश परत आत येतो, लेझरला तेच हवं असतं, पण अॅम्प्लिफायरचं मांडवातल्या माइकसारखं होतं, स्पीकरसमोर नेला की शिट्टी, तसं गेन जरा वाढवला की हा स्वतःच लेझर होऊन बसतो. म्हणून 1980 च्या दशकात जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीसकट बऱ्याच लॅब्ज कडांवर कोटिंग देऊन रिफ्लेक्शन मारायच्या मागे लागल्या, 20-25 डीबी गेन पाहिजे तर ते दहा हजारात एक भागाच्या आसपास आणावं लागतं, मग वेव्हगाइडच (प्रकाशाची चिपमधली वाट) कडेशी सातेक अंश तिरका घ्यायची युक्ती आली.

एवढं जमत आलं आणि 1987 मध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड पेन आणि बेल लॅब्जचे देसुर्व्हिर यांचे एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरचे अॅम्प्लिफायर आले, लांब पल्ल्याच्या लाइनवर सेमीकंडक्टरचा खेळ तिथेच संपला. एर्बियमची उत्तेजित अवस्था जवळपास 10 मिलिसेकंद टिकते, त्याला एकेक बिट जाणवतच नाही, सेमीकंडक्टरमधले कॅरिअर (करंट वाहणारे इलेक्ट्रॉन वगैरे) मात्र नॅनोसेकंदाच्या आत बदलतात, त्यामुळे ओळीने चार 1 आले की पुढच्या बिटला गेन कमी आणि त्याच फायबरमधल्या शेजारच्या रंगाच्या चॅनलमध्येही गडबड, वर नॉइजही जास्त.

पण एर्बियमला कित्येक मीटर फायबर लागते, सेमीकंडक्टरवाल्याला मिलिमीटरभर जागा पुरते, आणि माझ्या मते याच एका गोष्टीने त्याला परत आणलं. शिवाय तो 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला चालतो, जिथे एर्बियमचा उपयोगच नाही, म्हणून 100 गिगाबिटच्या 40 किलोमीटर लिंकमध्ये रिसीव्हरच्या आधी तो बसला. पुढे तो सिलिकॉन चिपवर बसवायचा तर सिलिकॉन स्वतः प्रकाश नीट देत नाही, मग 2006 मध्ये सांता बार्बरा युनिव्हर्सिटी आणि इंटेलने त्यावर इंडियम फॉस्फाइड हा प्रकाश देणारा सेमीकंडक्टर चिकटवून लेझर केला, वर्षभरात तशाच अॅम्प्लिफायरने 13 डीबी दिले. इथे नवं दुखणं उष्णतेचं, सिलिकॉनखालचा ऑक्साइडचा थर ती खाली जाऊच देत नाही आणि तापलं की गेन पडतो. 2022 मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल युनिव्हर्सिटीने एर्बियमच चिपवर आणून 145 मिलिवॅट प्रकाश काढला, त्यामुळे जुनी स्पर्धा आता चिपवर सुरू झालीय.