सीप्लेनच्या मॉडेलवर गंज दाखवावा का?

‘सीप्लेन खाऱ्या पाण्यात उतरतं, म्हणून मॉडेलच्या फ्लोटवर (पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ भागांवर) तांबूस गंजाचे ओघळ हवेतच’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण गंजलेली जहाजं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात.

पण जहाज पोलादाचं. दुसऱ्या महायुद्धातल्या कॅटालिनासारख्या सीप्लेनचं अंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. तांबूस गंज लोखंडालाच येतो. ॲल्युमिनियमही खाऱ्या पाण्यात खराब होतं, पण त्यावर पांढरट-करडी भुकटी धरते. खात्री करायची तर दोन वाट्यांत मिठाचं पाणी घ्या. एकीत लोखंडी खिळा, दुसरीत ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा टाका. काही दिवसांत खिळ्याचं पाणी नारिंगी होईल, फॉइलचं नाही.

मग मॉडेलवर काय दाखवायचं? रंग उडालेल्या जागी चंदेरी धातू किंवा पिवळसर-हिरवा प्रायमर. स्पंजच्या तुकड्याने हलकेच टिपलं की झालं. ब्रशने काढलेले ठिपके फार नेटके दिसतात. कॅटालिनाच्या एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीवर) मात्र चंदेरी ठिपके नकोत, तिथे कापड आहे! पाण्याच्या रेषेजवळ मळकट पांढरा, खूप पातळ केलेला ऑइल पेंट लावून थिनरने ओलसर केलेल्या ब्रशने खाली ओढा, मिठाचे डाग तयार. पंखावरचे काळपट पट्टे इंजिनाच्या धुराचे. कृष्णधवल फोटोंत तेच गंजासारखे वाटतात.

गंजाचा रंग अगदीच वाया जात नाही. विमान किनाऱ्यावर ओढायच्या चाकांच्या सांगाड्यावर, पोलादी बोल्टांभोवती थोडासा चालतो.