वॉर्ड लेडीज पडला, मग पुढे?

महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्या माजी नगरसेवकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. शाळकरी पोराने चिठ्ठी उचलायची आणि पाच वर्षं वॉर्ड बांधत बसलेल्या गड्याचा पत्ता कट! ‘वॉर्ड लेडीज पडला’ असं पुटपुटत तो बाहेर पडतो. संध्याकाळी बायकोला उभं करायचं की वहिनीला, यावर घरात खलबतं.

राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ही चिठ्ठी म्हणजे घबाड वाटते.

आरक्षणाने बायकांचं राजकारणातलं स्थान खरोखर बदलतं का, हे एरवी तपासणं अवघड. एखाद्या वॉर्डातून बाई निवडून आली, तर ती आरक्षणामुळे, की तिथले मतदारच वेगळे म्हणून? औषधाच्या चाचणीत हा पेच चिठ्ठ्या टाकून सोडवतात. कोणाला खरी गोळी आणि कोणाला साखरेची, हे नशिबावर सोपवलं, की दोन्ही गट सरासरीने सारखे होतात आणि पुढे दिसणारा फरक गोळीच्या खात्यावर टाकता येतो. मुंबईत ही चाचणी कायद्यानेच लावून ठेवली होती. 74व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या, आणि कोणते वॉर्ड राखीव, हे दर निवडणुकीला नव्याने ठरू लागलं.

रिखिल भवनानी या अभ्यासकाने नेमकं हेच हेरलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातला प्रश्न साधा होता: आरक्षण उठल्यावर काय होतं? 1997 मध्ये महिलांसाठी राखीव असलेले, पण 2002 मध्ये खुले झालेले वॉर्ड एका बाजूला. दोन्ही वेळा खुले राहिलेले दुसऱ्या बाजूला. 2002 मध्ये पहिल्या गटात बाई निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे पाचपट निघाली.

पाचपट म्हटलं की डोळे विस्फारतात, पण जरा थांबा. मुळात खुल्या वॉर्डातून बायका निवडून येण्याचं प्रमाणच नगण्य होतं. त्यामुळे पाचपट होऊनही बहुतेक जागा पुरुषांकडेच गेल्या. तरीही फरक खरा आहे. त्यामागची कारणं भवनानी जपूनच मांडतात. एक तर आरक्षणामुळे अशा बायका राजकारणात आल्या, ज्या पुढे खुल्या लढतीतही जिंकू शकल्या. दुसरं, बाई जिंकू शकते हे पक्षांना कळलं. मला हे दुसरं कारण जास्त बोलकं वाटतं, कारण तिकीट कोणाला द्यायचं हे शेवटी पक्षच ठरवतात.

दिल्लीतून आलेला निष्कर्ष मात्र इतका सुखद नाही. तिथल्या महापालिकेच्या वॉर्डांवर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की महिला राखीव जागांवर उच्चवर्णीय उमेदवार जास्त निवडून येतात, आणि त्याची झळ इतर मागासवर्गीयांना बसते. एक दार उघडताना दुसरं थोडं लोटलं जातं, ते असं.

आता मुंबईत तोच प्रयोग पुन्हा करायचा, तर हिशेब बदलावा लागेल. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेलं. 227 पैकी 114 वॉर्ड महिलांचे झाले. ज्यांचा वॉर्ड गेला ते पुरुष शेजारच्या खुल्या वॉर्डात तिकीट मागतात. म्हणजे साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या पोटातही खऱ्या गोळीचा थोडा अंश जातोच.