मॅश व स्पार्जचे पाणी

माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, बिअर करताना त्याची भरड भिजवायला आणि नंतर तिचा चोथा धुवायला किती पाणी घ्यायचे, याचा हिशेब. भिजवणीचे ते मॅशचे पाणी, धुवणाचे ते स्पार्जचे. सोलकढीसाठी नारळ पिळणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. आधी जाड रस, मग चोथ्यावर पाणी घालून पातळ रस. फरक इतकाच, की इथे चोथा पिळायचा नसतो. वरून पाणी सोडायचे आणि खालून निथळू द्यायचे. शिवाय माल्टमधली बरीचशी साखर आयती नसते. ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर भिजल्यावर माल्टमधलीच विकरे (एन्झाइम) पिठाची साखर करतात.

हिशेब शेवटाकडून सुरू होतो. आंबवायच्या पिंपात २० लिटर हवे आहेत असे धरू. रस उकळायच्या टोपाच्या तळाशी गाळासोबत २ लिटर राहतात, म्हणजे गार झालेला रस २२ लिटर लागेल. उकळता द्रव निवताना सुमारे ४ टक्के आकसतो, म्हणून गरम असताना तो २३ लिटर हवा. तासाभराच्या उकळीत ३ लिटर उडतात. तेव्हा उकळी सुरू होताना टोपात २६ लिटर पाहिजेत. ५ किलो भरड किलोमागे साधारण १ लिटर पाणी धरून ठेवते, ते ५ लिटर. मॅशच्या भांड्यात तोटीखाली अडकणारा १ लिटर वेगळा. एकूण ३२ लिटर.

मॅशला किलोमागे अडीच ते साडेतीन लिटर पाणी चालते. ३ लिटर धरले तर १५ लिटर. त्यातले ९ लिटर निथळून येतात, उरलेले १७ लिटर स्पार्जला. एकदाच पाणी ओतून धुणारे बहुतेक जण दोन्ही वेळचा रस सारखा ठेवतात. त्यासाठी पहिले निथळण्याआधी त्या १७ मधल्याच ४ लिटरची भर घालायची, म्हणजे १३ आणि १३ लिटर पडतात. स्पार्जचे पाणी ७५-७६ अंशांच्या आसपास असावे. फार धुतले, की शेवटच्या पाण्याला साखर उरत नाही, तुरटपणा मात्र उतरतो. रसाची सापेक्ष घनता १.०१० च्या खाली गेली की थांबावे. नारळाची तिसरी पिळणी कढीला कितपत चव देते, ते ज्याला माहीत आहे तो थांबेलच.

मॅशचे पाणी किती तापवायचे, हे भरडीच्या तापमानावर ठरते. ०.४१ ला लिटर-किलोच्या प्रमाणाने भागायचे, हवे ते तापमान आणि भरडीचे तापमान यांच्या फरकाने गुणायचे, आलेला आकडा हव्या तापमानात मिळवायचा. ६७ अंश हवे असतील आणि भरड २० अंशांवर असेल, तर पाणी ७३.४ अंश लागते. कोकणात एप्रिलमध्ये पोत्यातली भरड ३० अंशांवर असते, तिथे ७२.१ पुरतात. थंड देशातला तक्ता जसाच्या तसा वापरला, तर मॅश अंशभर जास्त तापतो. पावसाळ्यात माल्ट सादळतो हा आणखी एक घोळ: वजन भरते, पण त्यातले काही निव्वळ पाणी असते.

दमट हवेत पाणी कमी उडेल, अशी समजूत आहे. खळाळत्या उकळीत मात्र हवेपेक्षा आच आणि टोपाच्या तोंडाची रुंदी यांवर जास्त ठरते. म्हणून वरचे ३ लिटर कुणी प्रमाण मानू नयेत. आपल्या टोपात मोजून पाणी घालावे, बांबूच्या कामटीवर लिटरागणिक खाचा पाडाव्यात, तासभर उकळून पुन्हा कामटी बुडवावी. तो आकडा त्या टोपाचा आणि त्या शेगडीचा.

पाण्याचा कसही पाहावा लागतो. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू, कॅल्शियम कमी असलेले. त्यात थोडे जिप्सम घालतात. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. ते मीठ उकळून जात नाही. पाणी उडेल तसे उलट दाट होते. अशा वेळी आरओचे पाणी घेणे बरे.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात हा हिशेब घरच्या टोपाऐवजी परवानाधारक भट्टीत करायचा.