चित्र विकायचं, पण मुंबईत की न्यूयॉर्कला?

घरात राजा रविवर्म्याचं अस्सल तैलचित्र असेल, तर ते कुठे विकावं याचा निर्णय मालकाच्या हातात नाही. तो सरकारनं सत्तरच्या दशकातच घेऊन टाकला. १९७२ साली पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृतींचा कायदा झाला, १९७६च्या एप्रिलमध्ये तो लागू झाला, आणि त्याखाली नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तिघे ठाकूर, निकोलस रोरिक आणि सैलोज मुखर्जी. यांचं चित्र भारतात असेल तर लिलावाचा हातोडा भारतातच पडणार.

गंमत अशी, की जे चित्र आधीच बाहेर होतं त्याला ही बंदी लागू नाही. म्हणून एकाच रविवर्म्याचे दोन बाजार झाले. त्याची ‘दमयंती’ २०१७ साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात सुमारे १७ लाख डॉलरला गेली. ‘यशोदा-कृष्ण’ २०२३ साली मुंबईत पंडोल्सच्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेलं. चित्रं वेगळी, वर्षं वेगळी, तेव्हा आकड्याला आकडा लावून फार काही सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट दिसते. परदेशी ग्राहक कापला गेल्यामुळे ही नावं मागं पडतील अशी भीती वाटावी अशी स्थिती एके काळी होती. देशातच पैसा आला आणि ती भिंत कुणाला बोचेनाशी झाली. शेरगिलचं १९३७चं ‘द स्टोरी टेलर’ २०२३च्या सप्टेंबरमध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६१.८ कोटींना विकलं गेलं, तेव्हा ते देशाबाहेर जाऊच शकत नाही याची फिकीर बोली लावणाऱ्यांनी केलेली दिसली नाही.

खरा ‘कुठे’चा प्रश्न पडतो तो या नऊ जणांनंतरच्या पिढीच्या चित्रांबाबत. पंढरपुरात जन्मलेले हुसेन, गोव्यातल्या साळगावचे सूझा, नागपुरात जन्मलेले गायतोंडे, आणि त्यांच्याबरोबरचे रझा, तय्यब मेहता. घडले सगळे मुंबईत, पण त्यांचा लिलावबाजार बरीच वर्षं मुंबईबाहेर भरत होता. १९८९ साली व्हीटी स्टेशनात भरलेल्या ‘टाइमलेस आर्ट’ प्रदर्शनाच्या निमित्तानं सदबीजनं मुंबईत लिलाव केला, तेव्हा समकालीन भारतीय चित्राला हातोड्याखाली भाव येतो हे इथल्या लोकांनी पाहिलं. पण पाया घातला गेला तो न्यूयॉर्कला. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरचं चेस्टर आणि डेव्हिडा हरविट्झ हे जोडपं साठच्या दशकापासून भारतीय चित्रं गोळा करत होतं. त्यांच्या संग्रहाचे लिलाव १९९५, १९९६ आणि २००० साली सदबीजनं न्यूयॉर्कला केले. न्यूयॉर्कच का? चित्रं अमेरिकेत होती, आणि ती घेऊ शकणारे भारतीय डॉक्टर, इंजिनिअर, गुंतवणूकदारही तिथंच होते.

त्यातून वेळापत्रकही ठरलं. न्यूयॉर्कला आशियाई कलेचा आठवडा मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असतो. संग्राहक, दलाल, संग्रहालयांची माणसं तेव्हा शहरात असतात, म्हणून भारतीय चित्रांचे मोठे लिलावही त्याच दिवसांत. तय्यब मेहतांचं ‘सेलिब्रेशन’ २००२च्या सप्टेंबरात तिथेच क्रिस्टीज या दुसऱ्या लिलावघराकडे ३ लाख १७ हजार डॉलरवर गेलं. २००५च्या सप्टेंबरात त्यांच्याच ‘महिषासुर’नं पंधरा लाख डॉलर ओलांडले. दरम्यान मुंबईत २००० साली सॅफ्रनआर्टनं इंटरनेटवर लिलाव सुरू केले होते. चित्र हाताळून न बघता लाखोंची बोली कोण लावणार, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. परदेशातल्या भारतीयांनी ती लावली.

‘कधी’चा प्रश्न याहून अवघड, आणि त्याचा सगळ्यात बोलका दाखला सूझांच्या १९५५च्या ‘बर्थ’चा. हे चित्र जून २००८मध्ये लंडनला सुमारे २५ लाख डॉलरला विकलं गेलं. तीन महिन्यांनी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली आणि भारतीय समकालीन कलेचा फुगा फुटला. विकणारा सुटला, घेणारा अडकला, असं कुणालाही वाटलं असतं. पण घेणाऱ्यानं सात वर्षं चित्र ठेवलं आणि सप्टेंबर २०१५मध्ये ते न्यूयॉर्कला ४० लाख डॉलरच्या वर गेलं. डॉलरमध्ये दीडपटीच्या थोडं पुढे. मात्र २००८च्या मध्यावर डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता आणि २०१५ला ६६च्या. म्हणजे रुपयांत हिशेब केला तर अडीचपट. चित्र कुठे विकायचं याबरोबर कोणत्या चलनात विकायचं हेही आपण ठरवत असतो.

लिलाव मुंबईकडे परतला तो १९ डिसेंबर २०१३ला. ताज महाल पॅलेसमध्ये क्रिस्टीजनं भारतातला आपला पहिला मोठा लिलाव केला. त्यात केकू आणि खोर्शेद गांधी यांच्या संग्रहातली चित्रं होती. ज्यांनी गॅलरी केमोल्डमधून ही पिढी मुंबईला दाखवली त्यांचाच संग्रह. गायतोंडेंचं १९७९चं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, एकूण विक्री ९६ कोटींच्या वर. इथल्या ग्राहकाला चित्र परदेशातून आणताना लागणारं सीमाशुल्क वाचत होतं, आणि डिसेंबरात परदेशी भारतीय सुट्टीला घरी आलेले असतात. जागा आणि महिना दोन्ही विचार करून निवडल्यासारखे. तरी २०१६नंतर क्रिस्टीजनं हे लिलाव थांबवले. सदबीज २०१८ आणि २०१९ला येऊन गेली. मैदान मुख्यतः सॅफ्रनआर्ट आणि २०११पासून लिलावात उतरलेल्या पंडोल्सकडे राहिलं. माझ्या मते देशात राहिलेल्या मालकासाठी यात तोट्याचं काही नव्हतं, कारण ग्राहक आता इथेच होते.

मग हुसेन यांचं १९५४चं ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला का गेलं? कारण ते नॉर्वेत होतं. दिल्लीत काम केलेल्या एका डॉक्टरांनी ते तेव्हाच घेतलं आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिलं. तिथं ते अनेक दशकं भिंतीवर होतं. मुंबईत विकायला आणलं असतं तर आयातीचा सोपस्कार आणि कर. शिवाय ते सत्तर वर्षं बाजारात आलेलंच नव्हतं. लिलावात या ताजेपणाला फार किंमत असते, आणि दर दोन-तीन वर्षांनी फिरून येणाऱ्या चित्राकडे ग्राहक संशयानं बघतो. ‘ग्राम यात्रा’ १ कोटी ३७ लाख डॉलरला गेलं. दोन आठवड्यांनी मुंबईत तय्यब मेहतांच्या जखडलेल्या बैलाच्या चित्राला ६१.८ कोटी मिळाले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला चित्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि पाच दिवसांनी गायतोंडेंचं १९७०चं चित्र ६७ कोटींवर पोचलं.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. बातमीतल्या किमतीत ग्राहकाकडून घेतलेला जादा आकार धरलेला असतो. १९७५ साली लंडनच्या सदबीज आणि क्रिस्टीज या दोन्ही मोठ्या लिलावघरांनी तो १० टक्क्यांपासून सुरू केला, आज तो वीसच्या पुढे असतो. तो विकणाऱ्याला मिळत नाहीच, उलट त्याच्या हातोडा-किमतीतून, म्हणजे शेवटच्या बोलीतून, सहसा कमिशन कापलं जातं. आधी ठरवलेल्या किमान, म्हणजे राखीव किमतीपर्यंत बोली पोचली नाही तर चित्र परत येतं, आणि ‘न विकलेलं’ अशी नोंद सगळ्यांना दिसत राहते.

कोट्यवधींचे गायतोंडे मोजक्या घरांत. मराठी घरांत आजोबांपासून चालत आलेलं चित्र असलंच, तर ते चित्रकार म. वि. धुरंधरांचं असण्याची शक्यता जास्त. कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिकवणारे धुरंधर त्या नऊ नावांत नाहीत. म्हणून ते मोकळे आहेत असं नव्हे. त्याच कायद्यानुसार शंभर वर्षं पुरी झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं. मग त्याची नोंदणी लागते, मालक बदलला की कळवावं लागतं आणि निर्यात बंद होते. म्हणजे धुरंधरांचं १९२०चं चित्र आजच अडकलेलं आहे, १९३२च्या चित्राला अजून काही वर्षं आहेत. त्यांच्या चित्रांचे ग्राहक बहुतेक मुंबईतच आहेत, तेव्हा परदेशची वाट बंद झाल्यानं फार बिघडत नाही. नोंदणी नसल्यानं मात्र ऐन विक्रीच्या वेळी अडतं. धुरंधर आपल्या चित्रांवर सहीबरोबर पुष्कळदा सालही घालत. चित्र भिंतीवरून उतरवलं की आधी तो कोपरा पुसून बघायचा.