सेसना उतरवणारा एअरबस उतरवेल का?

नागपुरात वर्धा रोडवर डोक्यावरून विमान गेलं की हा वाद निघतोच. एक म्हणतो, दोन्ही पायलट बेशुद्ध पडले तर फ्लाइंग क्लबात सेसना हे छोटं विमान शिकलेला पोरगा उतरवेल की! दुसरा म्हणतो, छे, एवढं मोठं धूड! दोघांचंही लक्ष भलतीकडे असतं.

धुडाचं काही फारसं नाही. नाक वर-खाली करणं, वळवणं, धावपट्टीच्या रेषेत येणं हे सेसनावाल्याला येतंच. रेडिओवर बोलताही येतं. बटणांचा पसारा सांगून समजावता येतो. कॉकपिट उंच असल्यानं टेकतानाचा अंदाज चुकेल, तेवढंच.

खरी मेख आहे वेग कमी करण्यात. सेसना १७२ ची चाकं कायम बाहेर, नाकावर पंखा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेतला की तोच पंखा हवेला अडसर होतो आणि विमान लगेच मंदावतं. जास्तच मंदावलं तर थ्रॉटल पुढे करा, इंजिन तात्काळ साथ देतं. एअरबस ए-३२० हे मोठं प्रवासी जेट मात्र गुळगुळीत, आणि उतरतानाही साठ टनांच्या घरात. इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर, आणली तरी नाक खाली असेपर्यंत वेग हटत नाही. चाकं काढून अडवावं म्हटलं, तर २५० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) वर ती काढायची नाहीत. फ्लॅप, म्हणजे पंखातून बाहेर येणाऱ्या पट्ट्या, त्यांचा पहिला टप्पाही २३० च्या वर नाही. म्हणजे वेग मारायची ही दोन्ही साधनं हाती यायलाच आधी वेग मारावा लागतो! म्हणून हिशेब लांबूनच धरतात: हजार फूट उतरायला ३ नॉटिकल मैल. ३६,००० फुटांवरून १०८ मैल, वर वेग घटवायला दहाएक. मुंबईहून येणारं विमान साधारण अकोल्यापासूनच खाली यायला लागतं ते यामुळे. सोनेगावचा विमानतळ दिसल्यावर थ्रॉटल ओढायची सवय इथे कामाची नाही. आणि शेवटी वेग घसरलाच, तर जेट इंजिनाला आयडलवरून जोर धरायला काही सेकंद लागतात.

'ऑटोपायलट आपोआप उतरवतो' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यासाठी त्या धावपट्टीला योग्य आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा, लागतं. फ्लॅप आणि चाकं माणसानंच काढायची. टेकायच्या क्षणी कॉकपिटमध्ये 'रिटार्ड' (मागे घ्या) असा आवाज आला की थ्रस्ट लिव्हर, म्हणजे जेटचे थ्रॉटल, तेही हातानंच मागे घ्यायचे.

दाखला हमखास डग व्हाइट यांचा देतात. २००९ मध्ये फ्लोरिडात वैमानिक दगावल्यावर, एका इंजिनाची विमानं चालवलेल्या या गृहस्थांनी किंग एअर सुखरूप उतरवलं. मोठं धैर्याचं काम. पण ते साडेपाच टनांच्या आसपासचं, पंख्यांचं विमान, एअरलायनर नव्हे.

तरी सेसनावाल्याला मी नाही म्हणणार नाही. रेडिओवर त्याच जातीच्या विमानाचा पायलट मिळाला आणि समोर नागपूरसारखी ३,२०० मीटरची धावपट्टी असली, तर आशा आहे. फक्त आधी हेडसेट लावायचा, मदत मागायची, आणि खालून सांगेपर्यंत ऑटोपायलट बंद करायचा नाही.