न्यायमूर्ती आजारी पडले की पद जाते?

उच्च न्यायालयाचे एखादे न्यायमूर्ती महिनोन्‌महिने आजारी असले की एक ठरावीक समज हमखास ऐकू येतो: रजा संपली की पद आपोआप रिकामे, किंवा मुख्य न्यायमूर्ती त्यांना घरी पाठवतात. दोन्ही चूक.

मुख्य न्यायमूर्तींच्या हातात असते ते कामाचे वाटप. आजारी न्यायमूर्तींच्या बोर्डावरची, म्हणजे सुनावणीच्या यादीतली, प्रकरणे ते दुसऱ्या खंडपीठाकडे देतात. पद मात्र शाबूत राहते. युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवलेला असेल, तर पक्षकाराला बहुधा नव्याने सुनावणीला उभे राहावे लागते. खरा फटका बसतो तो त्याला. गैरहजेरी लांबली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२४(२) नुसार राष्ट्रपती तात्पुरते कार्यकारी न्यायाधीश नेमू शकतात. मूळ न्यायमूर्ती परतले की ती नेमणूक संपते.

न्यायमूर्ती स्वतः राष्ट्रपतींकडे राजीनामा देऊ शकतात. तो देत नसतील, तर ‘अक्षमता’ या कारणावरून हटवण्याचा मार्ग संसदेतूनच जातो: लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० सदस्य सह्या करतात, प्रस्ताव स्वीकारला गेला की चौकशी समिती बसते आणि शेवटी दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत (एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश) लागते. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यात वैद्यकीय मंडळाचीही तरतूद आहे. न्यायमूर्तींनी तपासणीलाच नकार दिला, तर समिती अक्षमता गृहीत धरू शकते. इतकी कडेकोट व्यवस्था मुद्दाम आहे, नाहीतर नावडत्या न्यायमूर्तींना ‘आजारी’ ठरवणे सरकारला किती सोपे झाले असते!